दुसऱ्या पिसावरची खाच

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक गृहस्थ बुटाच्या खोक्यात हमिंगबर्ड घेऊन आले. काचेवर आपटलेला, प्रौढ नर. सकाळपासून त्याला मधाचं पाणी पाजत होते. मध देऊ नका, त्यात बुरशी धरते. एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी, एवढंच द्या, हे आम्ही फोनवर दिवसातून दहादा सांगतो. तरी लोकांना मध म्हणजे अमृतच वाटतं.

लॉस एंजेलिसजवळच्या एका वन्यजीव उपचार केंद्रात मी काम करते. हमिंगबर्ड आला की दिवसभर दर अर्ध्या तासाला खाणं, त्यामुळे बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. याचं वजन भरलं 3.1 ग्रॅम. इथलं एक सेंटचं नाणं 2.5 ग्रॅमचं असतं, आणि आपल्याकडचा शिंजीर याच्या दुपटीहून जड.

पंख शाबूत होते. सहकाऱ्याने पाठ पाहिली, हिरवी. लगेच नोंदीतल्या जातींच्या यादीतून ‘ॲलन्स’ निवडलं. ॲलन्स आणि रूफस या हमिंगबर्डच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती. आमच्याकडे सगळे असंच करतात: पाठ हिरवी तर ॲलन्स, तांबूस तर रूफस. त्या यादीत ‘दोन्हींपैकी एक’ असा पर्यायच नाही, त्यामुळे माणूस ठामपणे चुकतो.

मला शेपटी बघायची होती. त्यात दहा पिसं असतात. मधल्या जोडीपासून दोन्हीकडे बाहेर मोजत जायचं. पाचवं, अगदी कडेचं, ॲलन्सच्या नरात सुईसारखं अरुंद. रूफसमध्ये जरा रुंद. पण ‘जरा’ म्हणजे किती, ते दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. खरा निवाडा दुसऱ्या पिसावर होतो. रूफस नराच्या या पिसाला टोकाजवळ खाच असते, ॲलन्सला नसते.

आणि नेमकी ती पिसं मधाने एकमेकांना चिकटलेली. कोमट पाण्यात कापसाची काडी बुडवून एकेक मोकळं केलं. मुठीत त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की ठोके सुटे जाणवत नव्हते, नुसती थरथर. पांढऱ्या पुठ्ठ्यावर शेपटी पसरली, भिंग धरलं. डाव्या पिसाला खाच. एकाच बाजूला असती तर पीस झिजलं म्हटलं असतं. उजव्यालाही तशीच, तितक्याच खोलीवर.

“अगं, पाठ तर हिरवीगार आहे!” सहकारी म्हणाली. रूफसच्या थोड्या नरांची पाठ हिरवीच असते. उत्तरेकडे, ओरेगॉनच्या दक्षिण भागात, दोन्ही जातींचा संकरही होतो, म्हणून मी पाचवं पीसही पुन्हा तपासलं. ते रुंद होतं. नोंद बदलली.

हा नुसता नावाचा प्रश्न नव्हता. आमच्या भागातले बरेच ॲलन्स बारमाही आहेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या चॅनेल बेटांवरची ही उपजात 1960च्या दशकात लॉस एंजेलिसजवळच्या पालोस वर्देसला घरटी करू लागली आणि तिथून पसरली. अशा पक्ष्याला आम्ही आरामात दोन आठवडे ठेवतो. रूफस मात्र वाटसरू. मेक्सिकोतून निघालेला, ओरेगॉन, वॉशिंग्टन, काही तर दक्षिण अलास्कापर्यंत जाणारे. त्याचा एकेक दिवस मोलाचा.

त्याला मोठ्या पिंजऱ्यात लवकर हलवलं, साखरपाण्याबरोबर फळमाश्या सोडल्या. पाचव्या सकाळी वजन 3.6. दार उघडलं तसा तो समोरच्या झाडाच्या शेंड्यावर बसला, शेपटी दोनदा झाडली आणि गेला.

दुपारी मी गेल्या वर्षीच्या नोंदी काढल्या. मार्चमधले हिरव्या पाठीचे सहा नर, सहाही ‘ॲलन्स’. त्यातल्या चार नोंदींखाली माझी सही आहे. एकाला तर मी एकोणीस दिवस ठेवलं होतं. फोटो सगळ्यांचे आहेत, पाठीचे आणि गळ्याचे. पसरलेल्या शेपटीचा एकही नाही.