पोकॉकची मादी आणि आमचा नर

गेल्या श्रावणातल्या एका दुपारी माझ्या टेबलावरची कोळ्याची ‘नवी प्रजाती’ सव्वाशे वर्षे जुनी ठरली. तिला नवे नाव न देण्याचा त्या दिवशी घेतलेला निर्णय योग्य होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु त्या निर्णयामुळे जे घडले, आणि जे घडू शकले नाही, ते अजून डोक्यातून जात नाही. विषय वर्गीकरणशास्त्राचा असला, तरी तो आपल्या जिल्ह्यातल्या सड्यांशी, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांशी, जोडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवतो आणि जमिनीत बीळ करून त्याला झाकण लावणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास करतो. जांभ्याच्या सड्यांच्या कडेला, पायवाटेच्या दरडीत, शेवाळाखाली ही बिळे असतात. झाकण माती आणि रेशमाचे असते, त्याची बिजागरीही रेशमाची असते, आणि वरून त्यावर आजूबाजूचेच शेवाळ चढलेले असते. त्यामुळे दरडीला नाक लावून पाहिले तरच केसाएवढी अर्धगोल रेघ दिसते. त्या रेघेत चाकूचे पाते सरकवले की आतली मादी झाकण घट्ट ओढून धरते. हाताला जाणवेल इतका तो जोर असतो. तिच्या जबड्यांच्या टोकाला दाताळ्यासारखी काट्यांची ओळ असते आणि तिनेच ती खणते. एकदा बीळ केले की ती सहसा ते सोडत नाही. याच कुळातली, पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून नोंदीत ठेवलेली ‘सोळा क्रमांका’ची मादी ४३ वर्षे जगली.

नराचे आयुष्य अगदी वेगळे असते. वयात आला की तो पावसाळी रात्री बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो आणि त्याच हंगामात मरतो. त्याचे पाय लांब व सडपातळ, रंग निराळा, पहिल्या पायाच्या नळीवर मादीला रोखून धरण्यासाठी आकडा. नर आणि मादी शेजारी ठेवले तर जाणकारालाही ती एकाच जातीची आहेत हे नुसते पाहून सांगता येत नाही. त्यामुळे एखाद्या अभ्यासकाने फक्त मादी पाहून नाव दिलेले असते, आणि शंभर वर्षांनी दुसऱ्याला फक्त नर सापडतो. जगातल्या कोळ्यांची जी अधिकृत यादी बर्नच्या संग्रहालयातून चालवली जाते, तिने २०२२ मध्ये पन्नास हजार जातींचा आकडा ओलांडला. त्यांतल्या कितीतरी नावांपुढे आजही एकाच लिंगाची खूण आहे. माझ्या मते या विषयातले सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित काम ती दुसरी खूण मिळवण्याचे आहे.

आमचा नर पन्हाळा-शाहूवाडी भागातल्या एका सड्यावर, चिऱ्याच्या खाणीत मिळाला. सड्याचे नाव मी देत नाही, कारण असे कोळी हौसेने पाळण्यासाठी विकणारे लोक आहेत. पावसाळ्यात खाण बंद असते, यंत्र ताडपत्रीखाली ठेवलेले असते आणि राखणीला एक मामा असतात. त्यांनीच पहिल्यांदा सांगितले, “सर, मृग लागला की ही काळी कोळी खड्ड्यात पडत्यात. रातीला पडत्यात, सकाळी बुडून मेलेली असत्यात.” यंत्राने उभ्या कापलेल्या भिंतीवर त्यांना चढता येत नाही, आणि म्हणून संपूर्ण खाण हाच एक सापळा होऊन बसतो. मामांना मी अल्कोहोलच्या कुप्या दिल्या, पेन्सिलीने तारीख लिहिण्यासाठी कागदाच्या पट्ट्या दिल्या (शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये उडते, पेन्सिलीचे टिकते) आणि त्यांनी एकही पट्टी चुकवली नाही. माझ्या पाहण्यातल्या अनेक पदवीधरांपेक्षा त्यांच्या नोंदी अधिक विश्वासार्ह आहेत.

नमुना टेबलावर आला की बाहेरच्या माणसाला न दिसणारे काम सुरू होते. उजव्या बाजूचा तिसरा पाय कापून डीएनएसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा, बाकीचा देह सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. डावी बाजू शाबूत राखायची, कारण चित्रे डाव्या पाल्पची काढण्याचा प्रघात आहे आणि जगभरातल्या अभ्यासकांना त्यामुळे चित्राशी चित्र ताडून पाहता येते. पाल्प म्हणजे तोंडाजवळचे पायासारखे उपांग. नराच्या पाल्पच्या टोकाला शुक्र साठवणारा फुगीर भाग असतो, आणि त्याच्या निमुळत्या टोकाचे वळण ही नराची खरी ओळख. माझ्याकडे संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीने त्या वळणाचे चित्र तीन बाजूंनी काढले. तिसऱ्या पायाच्या नळीवरच्या काट्यांची मांडणी, डोळ्यांमधली अंतरे, जबड्याच्या खाचेतले दात, सारे तिने मोजले. तिची चित्रफलके मी आजवर पाहिलेल्या चांगल्या कामांपैकी आहेत. छापलेल्या एकाही नराशी हा नर जुळेना.

येथवर आल्यावर बहुतेक ठिकाणी नाव दिले जाते. आमच्याकडेही ते ठरले होते: राजर्षी शाहू महाराजांच्या नावावरून. २०२१ मध्ये ठाणे परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले गेले, त्याची आठवण सर्वांना होती, आणि कोल्हापूरच्या कोळ्याला महाराजांचे नाव या कल्पनेने महाविद्यालयातली मंडळी हरखून गेली होती. एका पत्रकाराने तर मला न विचारता बातमी तयार ठेवली होती. कोळ्याचा अभ्यास म्हणजे शोध, शोध म्हणजे नवे नाव, आणि नवे नाव म्हणजे बातमी, ही साखळी आपल्याकडे इतकी पक्की झाली आहे की मधली वर्षे कुणाला दिसत नाहीत. वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जातही नव्या प्रजातींसाठी रकाना आहे. जुन्या नावाचा गोंधळ सोडवल्याबद्दल रकाना नाही.

मी थांबलो होतो तो एका मादीसाठी. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आर. आय. पोकॉक यांनी १९०० साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या अष्टपादांवर (कोळी, विंचू वगैरे) जो ग्रंथ लिहिला, तो आजही आमच्या हाताशी असतो. त्यात याच गणातल्या, फक्त मादीवरून वर्णन केलेल्या एका जातीचा उतारा आहे. उतारा लहान आहे: रंग, डोळ्यांची मांडणी, पायांची प्रमाणे. चित्र नाही, मादीची खरी ओळख असलेल्या आतल्या शुक्रपिशव्यांचा उल्लेख नाही. ठिकाण उत्तर कोकणातले, येथून तीनशे किलोमीटरहून दूर. आमचे सहकारी म्हणत की एवढ्या अंतरावरचा असा कोळी तोच असणे शक्य नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. या कोळ्यांची पिले क्वचितच धाग्यावरून हवेत तरंगत जातात, बहुतेक आईच्या बिळापासून चालत काही पावलांवर आपले बीळ करतात. पण शक्य नाही असे वाटणे आणि तसे तपासून पाहणे यांत फरक आहे. मूळ नमुना लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. मी तिथे छायाचित्रांसाठी लिहिले आणि दरम्यान खाणीच्या कडेच्या दरडीतून एक मादी काढली. त्या एका मादीसाठी बीळ खालपर्यंत खणावे लागले. ती किती वर्षांची होती हे कळण्याचा मार्ग नाही.

तिच्या पोटाच्या खालच्या बाजूचा त्वचेचा चौकोनी तुकडा कापून लॅक्टिक ॲसिडमध्ये कोमट करत ठेवला. मांस हळूहळू विरघळते आणि पिवळट, पारदर्शक शुक्रपिशव्या उघड्या पडतात. दोन आखूड देठ, टोकाशी फुगीर, आणि दोन्ही फुगे किंचित बाहेरच्या बाजूला कललेले. हा कल मी नीट लक्षात ठेवला होता.

श्रावणातल्या त्या दिवशी सकाळी डीएनएचा निकाल आला. सीओआय नावाच्या जनुकाच्या ज्या ६५८ अक्षरांच्या तुकड्यावरून प्राण्यांची ओळख पटवतात, त्यात दरडीतली मादी आणि खड्ड्यातले नर यांच्यात नाव घेण्याजोगा फरक नव्हता. म्हणजे नर आणि मादी एकाच जातीची, हे पक्के झाले. विद्यार्थिनीने मसुद्यात मादीचे वर्णन जोडायला घेतले. दुपारी लंडनहून छायाचित्रे आली. जुन्या बाटलीतल्या चिठ्ठीचा फोटो, मादीचे डोळे, तिसरा पाय, आणि अनपेक्षितपणे, आधीच्या कुणा अभ्यासकाने विच्छेदन करून त्याच बाटलीत एका इवल्या नळीत ठेवलेल्या शुक्रपिशव्यांचा फोटो. दोन आखूड देठ. टोकाचे फुगे बाहेर कललेले. तिसऱ्या पायाच्या नळीवरचे काटे मोजले, तेही जुळले. डोळ्यांमधली अंतरे आमच्या मादीच्या मापांत बसली. विद्यार्थिनीने काही न बोलता सगळी मापे स्वतः पुन्हा घेतली, आणि मग मसुद्याच्या शीर्षकातून नवे नाव तिनेच काढले.

प्राण्यांच्या नावांचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. एका प्राण्याला दोन नावे पडली तर आधीचे टिकते. आणि एकदा रीतसर छापलेले नाव कधी पुसले जात नाही. ते समानार्थी म्हणून यादीत राहते आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला त्याचा निकाल लावत बसावे लागते. आपल्या देशातल्या कोळ्यांच्या यादीत असा बराच भार आहे. महाराजांचे नाव त्या भारात जमा होणे मला मान्य नव्हते.

विभागातली नाराजी दोन दिवसांत ओसरली. पुढचे प्रकरण अवघड होते, आणि हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. त्या सड्यावर खाणीची हद्द वाढवण्याचा अर्ज गौण खनिजाच्या परवानगीसाठी गेलेला होता. सातबाऱ्यावर सड्याची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. राधानगरीचे अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण आमचा सडा कोणत्याही अभयारण्यात नाही, कोणत्याही यादीत नाही. शहरातल्या काही पर्यावरणप्रेमी मंडळींनी हरकतीचे निवेदन तयार केले होते आणि त्यातला मुख्य मुद्दा होता: जगात इतरत्र कुठेही नसलेला कोळी. तो मुद्दा मी एका दुपारीत काढून घेतला. त्यांच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ घरी आले आणि म्हणाले, “सर, शंका आहे असे तुम्हीच म्हणता. मग ‘नवी प्रजाती असण्याची शक्यता’ एवढे तरी लिहून द्या. दगड एकदा कापला की तुमचा शोध कशाच्या उपयोगाचा?”

त्यांना मी तसे लिहून दिले नाही. शंका खरी आहे: तीनशे किलोमीटरचे अंतर मलाही खटकते, आणि दिसायला सारखे पण वंशाने वेगळे असे कोळी या गटात आढळले आहेत. पण त्या शंकेचा निकाल उत्तर कोकणातल्या मूळ ठिकाणच्या ताज्या नमुन्याच्या डीएनएवरूनच लागेल. लंडनच्या बाटलीतल्या मादीचा डीएनए इतक्या वर्षांत तुकडे तुकडे झालेला असणार, आणि तिचा पाय कापायला कुणी देणारही नाही. तोवर हाताशी असलेला पुरावा जुन्या नावाच्या बाजूचा आहे. सरकारी कागदावर मी सही करतो ती पुराव्याखाली. सडा वाचवण्याची मला कितीही इच्छा असली तरी त्या इच्छेखाली नाही. उद्या ती शक्यता खोटी ठरली, तर पुढच्या सड्याच्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याच शब्दाला किंमत उरणार नाही.

त्याऐवजी मी त्यांना त्या सड्यावर आम्ही नोंदवलेल्या सर्व कोळ्यांची, विंचवांची आणि पावसाळी डबक्यांतल्या जिवांची यादी दिली, आणि झाकणाच्या बिळांचा नकाशा दिला. दरडीच्या त्या पट्ट्यात एकमेकांपासून हातभर अंतरावर माद्यांची बिळे आहेत; खाण तिकडे सरकली तर ती वसाहत एका हंगामात जाईल आणि शेजारच्या सड्यावरून चालत येऊन कुणी ती पुन्हा भरणार नाही. हा युक्तिवाद नाव जुने असले तरी तितकाच खरा आहे. निवेदन वाचणाऱ्या अधिकाऱ्याने मात्र पहिला प्रश्न विचारला तो हाच, की यात नवीन प्रजाती कोणती. अर्ज अजून प्रलंबित आहे.

मामांना मी सारे समजावून सांगितले. खाण वाढली तर त्यांचे काम टिकते, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे आणि त्यावर आम्ही बोललो नाही. त्यांनी विचारले, “मग औंदा कुप्या नकोत का?” मी म्हणालो, हव्यात, आणि या वर्षी बुडालेल्यांखेरीज जे जिवंत असतील ते दरडीच्या बाजूला सोडून द्या. नराच्या पहिल्या वर्णनाचा लेख आता परीक्षकांकडे आहे. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की विद्यार्थिनी आणि मी पोकॉकच्या चिठ्ठीवरच्या गावी जाणार आहोत. ते गाव आता शहराच्या हद्दीत आले आहे, पण त्याच्या मागच्या टेकडीवर अजून दरडी आहेत, आणि आम्हाला तिथून एकच मादी हवी आहे.