आमची वाटचाल: वायरिंगपासून सोलरपर्यंत

आमचं मूळ काम वायरिंगचं, मग सोलर वॉटर हीटर बसवायला लागलो, गच्च्यांवर जाणं-येणं वाढलं आणि तिथूनच पॅनलच्या कामात शिरलो. १९५४ ला अमेरिकेतल्या बेल लॅबने सिलिकॉनचा सेल, म्हणजे उन्हातून वीज करणारा पॅनलमधला छोटा तुकडा, दाखवला तेव्हा तो उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा विजेत बदलायचा, आज बाजारातलं साधं पॅनल २०-२२ टक्के देतं, म्हणून तर आमच्यासारख्या छोट्या फर्मला घरगुती गच्चीवरही कामाची सिस्टीम बसवता येते.

उन्हाच्या शहरात १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरायला हरकत नाही. पण शहरात सोलर किती होईल हे नुसत्या उन्हावरून सांगता येत नाही हो, त्यासाठी गच्चीवर चढावंच लागतं. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, एसीचे आऊटडोअर, शेजारची उंच बिल्डिंग हे सगळं वजा करून जे उरतं तेच खरं! सावलीचं तर विचारूच नका, सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली आली तरी बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारा भाग) पॅनलचा तिसरा हिस्सा बाजूला काढतो, म्हणून आम्ही सकाळ, दुपार, संध्याकाळ सावली कुठवर येते ते बघितल्याशिवाय कोटेशन देतच नाही, आणि जागा बरोबर नसेल तर स्पष्ट नाही सांगतो. कामं जातात, जाऊदे.

अजून एक, कडक ऊन म्हणजे जास्त वीज असं सरळ नसतं. पॅनलचं रेटिंग, म्हणजे त्यावर लिहिलेली क्षमता, सेल २५ डिग्रीला धरून असते, गच्चीवर सेल ६५ पर्यंत तापतो आणि डिग्रीमागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. म्हणून स्ट्रक्चर, म्हणजे पॅनलखालचा सांगाडा, उंच घेतो, खालून वारा खेळला पाहिजे. धुळीचंही तसंच, पॅनल धुवायचे ते पहाटे नाहीतर सूर्य कलल्यावर, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

आमच्या मते शहराची मोठी ताकद बंगल्यांपेक्षा गोडाऊन, शाळा, कारखान्यांच्या शेडवर आहे, सलग मोकळं छप्पर आणि वापरही दिवसाच. उंच सोसायटीत एक गच्ची सगळ्या फ्लॅटना कुठून पुरणार, तिथे आम्ही आधी लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे सोलरवर घ्या म्हणतो. सध्या शेडचीच कामं जास्त घेतोय, आणि त्यात पत्रा वजन पेलेल का हे इंजिनिअरकडून तपासूनच पुढे जातो.