तुम्ही विचारलंत म्हणून: लायब्ररीतच का शिकवता?

लायब्ररीत शिकवते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "तिथे तर बोलायची चोरी! मग शिकवता कसं?" आणि पाठोपाठ, जरा आवाज खाली आणून, "घरी जागेची अडचण आहे का?" जागेची अडचण नाही. घरी टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत, एक पांढरा फळासुद्धा आहे. त्यावर हल्ली विजेचं बिल भरायच्या तारखा लिहिलेल्या असतात. तरी आठवड्यातल्या चार संध्याकाळी मी लायब्ररीतल्या कोपऱ्याच्या टेबलाशी जाऊन बसते.

काम साधंच. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास कुणीही यावं, वही उघडावी, अडलेलं विचारावं. वर्ग नाही, हजेरी नाही. कधी पाच जण पाच विषय घेऊन एकदम येतात आणि मी खुर्ची सरकवत फिरते. कधी पूर्ण संध्याकाळ मी आणि समोरची रिकामी खुर्ची. पैशांचं विचाराल तर थोडं मानधन आहे, पोट दुसऱ्या नोकरीवर भरतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. खरं कारण असं की लायब्ररीत मला उठून जाता येतं.

माझ्या टेबलापासून गणिताचं कपाट अठ्ठावीस पावलांवर आहे. मोजलीयत. ड्यूई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक द्यायच्या पद्धतीत, गणित ५१० ला, त्यातलं अंकगणित ५१३ ला. जायला अठ्ठावीस, यायला अठ्ठावीस, मध्ये पुस्तक शोधायचा वेळ. एवढ्या वेळात टेबलाशी काय होतं, ते एका मुलीच्या वहीवरून सांगते.

तिने लिहिलं होतं: १/२ + १/३ = २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली. ही चूक दर वर्षी येते आणि दर वर्षी माझ्या तोंडावर उत्तर तयार असतं, "अगं, छेद समान करायचे आधी!" त्या दिवशी तिने मला बोलू दिलं नाही. म्हणाली, "काल मी दोनदा नेम धरला, एक लागला. आज तीनदा धरला, एक लागला. मिळून पाचातले दोन. मग चूक कुठे आहे, ताई?"

मी गप्प. कारण तिचं बरोबर होतं! पाचातले दोन नेम खरंच लागले होते. फक्त ती बेरीज अपूर्णांकांची नव्हती. दोन नेमांतला अर्धा आणि तीन नेमांतला तिसरा भाग हे वेगवेगळ्या पूर्णांचे तुकडे होते, आणि वहीतल्या गणिताला एकाच पूर्णाचे तुकडे हवे होते. हे सगळं मी तिला सांगू शकले असते. चांगलं सांगितलं असतं, तिने मान हलवली असती आणि शनिवारपर्यंत विसरली असती. मी एवढंच विचारलं, "दोन पंचमांश अर्ध्याहून जास्त की कमी?" आणि पुस्तक आणायच्या निमित्ताने उठले.

परत आले तेव्हा तिने २/५ वर काट मारली होती. खाली एक पट्टी काढून तिचे सहा चौकोन केले होते, तीन आडव्या रेघांनी भरलेले, दोन ठिपक्यांनी, एक मोकळा. "अर्ध्यात काहीतरी मिळवलं तर अर्ध्याहून कमी कसं होईल?" असं ती मलाच दटावून म्हणाली, जणू २/५ मी लिहिले होते. हातातलं पुस्तक मी उघडलंच नाही.

घरी हे जमत नाही. घरी शिकवायचे तेव्हा समोरासमोर बसायचो, दोन फुटांवर. मूल थबकलं की माझा जीव कासावीस. माझ्या हाताला एक वाईट खोड आहे, समोरच्याची पेन्सिल काढून घ्यायची. "आण इकडे, दाखवते." दाखवून झालं की मला बरं वाटायचं, त्यालाही बरं वाटायचं, आणि शिकणं मात्र माझंच झालेलं असायचं. घरातून उठून जायचं तर कुठे जाणार? स्वयंपाकघरात गेलं तर ते शिकवणी टाकून जाणं दिसतं. कपाटाकडे गेलं तर काम दिसतं.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने वर्गांमधल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हे फार पूर्वी मोजलं होतं. १९७० च्या दशकातलं काम. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तो वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि 'माहीत नाही' म्हणणं कमी होतं. तीन सेकंद! वाचताना हसू येतं. पण समोर बसून, मुलाच्या डोळ्यांत बघत तीन सेकंद गप्प राहून पाहा. मला नाही जमत, म्हणून मी पावलं वापरते.

हळू बोलायची सक्तीही मला उपयोगी पडलीय. आमच्या कोपऱ्याला ग्रंथपाल थोडी सूट देतात, पण पलीकडे वर्तमानपत्र वाचणारे आहेत आणि त्यांचं खाकरणं फार अर्थपूर्ण असतं. कुजबुजत व्याख्यान देता येत नाही, घसा लगेच थकतो. मग वाक्यं आपोआप छोटी होतात. "पुन्हा वाच." "हे कुठून आलं?" "बरं, मग?" माझ्या दोन तासांतलं बरंचसं बोलणं या तीन वाक्यांत उरकतं.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे शि. रा. रंगनाथन ग्रंथालयाच्या कामात येण्याआधी गणित शिकवायचे, हे मला आमच्या ग्रंथपालांनी सांगितलं. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होईपर्यंत ते कॉलेजात गणिताचेच अध्यापक होते. पुढे १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले; त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपाल मला चिडवतात की तुमच्या टेबलाशी चौथा नियम रोज मोडतो. मोडतोच. दोन मिनिटांत सांगता येईल त्यासाठी मी मुलाची वीस मिनिटं घालवते. गणिताच्या माणसाने मला माफ केलं असतं असं मी धरून चालते.

तिसरा नियम मात्र आम्ही पाळतो: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ५१० च्या पुढे थोडं सरकलं की ५२०, म्हणजे खगोलशास्त्र. बीजगणिताने वैतागलेल्या एका मुलासाठी पुस्तक शोधताना माझा हात चुकून त्या कप्प्यात गेला आणि मी शनीच्या कड्यांचं चित्र असलेलं जाडजूड पुस्तक घेऊन आले. बीजगणित त्याचं अजूनही यथातथाच आहे. पण ते पुस्तक त्याने तीनदा मुदत वाढवून घरी ठेवलं.

सगळं असं गोड नसतं. पालकांपैकी काही जण मूल सोडून जातात ते थेट दिवे बंद व्हायच्या वेळी उगवतात. "तेवढा गृहपाठ पूर्ण करून घ्या" म्हणतात तेव्हा 'घ्या' म्हणजे 'द्या' असतो, हे कळायला मला वेळ लागला. पहिल्या वर्षी मी एका मुलाला निबंध सांगत गेले. वाक्य मी, अक्षर त्याचं. त्याला उत्तम शेरा मिळाला, घरचे खूश, मीही. परीक्षेत त्याने चार ओळी लिहून कागद दिला. नंतर मला म्हणाला, "तुम्ही नव्हतात ना." रागावून नव्हे, साधी माहिती द्यावी तसं. हे वाक्य अजून खुपतं. आता निबंधाला मी फक्त प्रश्न विचारते आणि मुलांना माझा कंटाळा येतो. येऊ दे.

आणखी एक कारण आहे, जरा नाजूक. माझ्याकडे वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे एक गृहस्थ येतात. मुलं निघून जाईपर्यंत वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरून बसतात. ते वाचत नसतात. अक्षरं लावायलाच तर येतात. परवा त्यांनी बँकेचा अर्ज स्वतः भरला, 'खातेदाराचे नाव' या रकान्यापाशी बोट ठेवून, ओठ हलवत, मग नाव. बोट उचलायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होते. माझ्या घरी ते कधी आले नसते. शिकवणीला जाणारा माणूस गल्लीत दिसतो. लायब्ररीत शिरणारा कशासाठी शिरला, हे कुणी विचारत नाही.

अडचण एकच झालीय. माझी युक्ती उघडी पडलीय. ती नेमवाली मुलगी आता दशांश अपूर्णांकांपर्यंत पोचलीय. गेल्या आठवड्यात एका गणितावर अडली, पेन्सिलचं टोक चावत बराच वेळ बसली, मी पुढे वाकले. तिने वही स्वतःकडे ओढून घेतली.

"ताई, तुम्ही जरा पुस्तक आणायला जा ना."

"कुठलं?"

"कुठलंही," ती वर न बघता म्हणाली. "लांबचं."