भरल्या टाकीत उपाशी राहणारा मासा

दुकानातल्या टाकीवर चिठ्ठी होती, फ्रेशवॉटर फ्लाउंडर (म्हणजे गोड्या पाण्यातला चपटा मासा), तळ साफ ठेवतो, आणि खाली किंमत. टाकीत मासा काही दिसेना. काउंटरवरच्या मुलाने जाळी तळाला लावली तेव्हा खडीतलाच एक तुकडा उठून पळाला, मग कळलं की मासा तो. जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा, चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. मी मालवणची, लेप हा आमच्याकडचा चपटा मासा लहानपणापासून टोपलीत आणि ताटात बघितलेला, पण असा जिवंत, कल्ले हलवणारा मासा पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते आणि तोही इकडे न्यू जर्सीत, मला राहवलंच नाही, घेतला. पाच आठवड्यांत गेला तो. कशाने गेला ते मला नंतर समजलं, आणि हा मासा बहुतेक घरांत असाच जातो म्हणून हे सगळं लिहितेय.

तेव्हा माझी टाकी 20 गॅलनची, म्हणजे साधारण 75 लिटर, तळाला रंगीत खडी, वर डझनभर निऑन टेट्रा हे चिमुकले मासे आणि तळाशी फिरणारे चार कोरी मासे. सकाळ-संध्याकाळ फ्लेक्स टाकायचे, सगळे तुटून पडायचे, मिनिटभरात खलास. हा फिल्टरच्या पाइपाखाली पडून असायचा. मी म्हणायचे शांत स्वभावाचा आहे. पाणी दर रविवारी तपासायचे, माशांना मारणारी दोन विषं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, म्हणजे सगळं छानच चाललंय असं वाटायचं. चपट्या माशाचं पोट खपाटीला गेलेलं बाजूने दिसतच नाही हो, ते वरून बघावं लागतं. डोक्यामागे जिथे मांसाचा उंचवटा असतो तिथे खळगा पडतो आणि मधल्या काट्याची रेघ कातडीतून वर येते. मी वरून बघितलं तेव्हा ती रेघ स्पष्ट दिसत होती, आणि मग चारच दिवस.

त्यानंतर बसून वाचलं. हे लोक ज्याला फ्रेशवॉटर फ्लाउंडर म्हणून विकतात तो इकडे बऱ्याचदा हॉगचोकर असतो, शास्त्रीय नाव ट्रायनेक्टिस मॅक्युलॅटस. नाव असं का, तर पूर्वी जाळ्यात आलेले हे मासे डुकरांना टाकायचे आणि याची खवलं इतकी खरखरीत की डुकरांच्या घशात अडकायचे म्हणे. अंगावर उभ्या काळसर रेघा असतात, त्यावरून ओळखू येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने मॅसॅच्युसेट्सच्या बाजूपासून खाली मेक्सिकोच्या आखातापर्यंत आणि पुढे पनामापर्यंत सापडतो, आमच्या शेजारच्या हडसन नदीतही आहे. आणि हा कायमचा गोड्या पाण्यातला नाहीच! मेरीलँडमधल्या पॅटक्सेंट नदीत याचा छान अभ्यास झालाय, तिथे उन्हाळ्यात मोठे मासे नदीच्या मुखाकडे खाऱ्या बाजूला अंडी घालतात, पिल्लं निघाली की उलटी नदी चढून जवळजवळ गोड्या पाण्यात जातात, थंडी तिथे काढतात, वसंतात परत खाली. दुकानात येतात ती ही अशी पिल्लं. म्हणजे गोड्या पाण्यात दिसतो ते खरं, पण ते त्याचं बालपण आहे.

खरोखर गोड्या पाण्यात आयुष्य काढणारे चपटे मासेही आहेत. ॲमेझॉनमध्ये हायपोक्लिनेमस मेंटॅलिस आहे, मेकाँगच्या बाजूला ब्रॅकिरस पॅनॉइडिस आहे. चिठ्ठीवर सगळ्यांना एकच नाव, त्यामुळे घेताना फोटो काढून जात शोधून मगच घ्या, कारण पाण्यात मीठ घालायचं की नाही हे सगळं त्यावर ठरतं.

दुसरा मासा मी पुढच्या वर्षी आणला, पण त्याआधी दोन महिने टाकीच तयार करत होते. खडी सगळी काढली. या माशाला पुरून घ्यायची सवय असते आणि खडीत पोटाकडची नाजूक बाजू खरचटते, मग तिथून इन्फेक्शन. बारीक वाळू आणली, बादलीत घालून धूत बसले, पहिल्या दहा पाण्यांना गढूळच येत होतं, मग कधीतरी नितळ आलं. दोन इंच थर. टेट्रा आणि कोरी मैत्रिणीच्या टाकीत गेले कारण त्यांना मीठ सोसत नाही आणि मुख्य म्हणजे ते सगळं खाणं संपवतात. फिल्टर स्पंजवाला, पाइपाच्या तोंडात मासा ओढला जाण्याची भीती नाही. वर घट्ट झाकण, कारण हा काच चढतो.

हो, खरंच चढतो. खालचं अंग काचेला चिकटवून, कडेचे पर झालरीसारखे हलवत सरकत सरकत वर. त्या वेळी समोरून बघा, एरवी कधी न दिसणारी पांढरी बाजू दिसते, एका कडेला वाकडं छोटंसं तोंड, त्याच्या मागे कल्ल्याची झडप उघडतेय मिटतेय, आणि डोळा एकही नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोळ्या तव्यावर टाकून तिथेच उभी राहिले. जन्मतः हा मासा इतर माशांसारखाच सरळ पोहतो, दोन बाजूंना दोन डोळे, आणि पिल्लू वाढताना डावा डोळा डोक्यावरून सरकत उजव्या बाजूला येतो, मग डावं अंग खाली टाकून तो जन्मभर आडवा. आपल्या लेपाचं उलटं, त्याचे डोळे डाव्या अंगाला.

मीठ समुद्री टाकीचं घ्यायचं, जेवणातलं नाही. मी हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याची घनता मोजणारं साधन, लावून दर आठवड्याला पाणी बदलताना घनता 0.001 एवढीच वाढवत गोड्या पाण्याच्या 1.000 वरून 1.005 पर्यंत आणली, लिटरला साधारण 7 ग्रॅम होतं ते. घाई केली तर फिल्टरमधले अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया मरतात आणि मग अमोनिया चढतो. घरात 22 डिग्रीच्या आसपास असेल तर याला हीटर लागत नाही, थंडी सोसणारा मासा आहे.

आता खाणं, सगळा जीव इथे आहे. फ्लेक्स, गोळ्या हा बघतसुद्धा नाही. वाळूतले किडे खाणारा मासा, त्यात तोंड एवढंसं. सुरुवातीला जिवंत ब्लॅकवर्म, म्हणजे बारीक काळसर किडेच लागतात, ते वाळूवर वळवळले की याला कळतं. रात्री दिवे बंद झाले की अर्ध्या तासाने लांब ड्रॉपरने बरोबर त्याच्या नाकासमोर सोडायचे आणि लांब सरायचं. पहिले तीन दिवस त्याने तोंड लावलं नाही, माझ्या पोटात गोळा. चौथ्या रात्री टॉर्चवर लाल कागद लावून बसले होते, वाळूतून फक्त दोन डोळे वर, दाण्याएवढे, एक माझ्याकडे आणि एक किड्याकडे, दोन्ही वेगवेगळे फिरतात, आणि मग वाळू किंचित हलली आणि किडा नाही! मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं. आता गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि बारीक चिरलेली कोळंबीही घेतो, पण त्यासाठी दोन महिने जिवंत किड्यांत मिसळून मिसळून सवय लावली. उरलेलं सकाळी काढायचं, नाहीतर वाळू काळी पडते. मी मलेशियन गोगलगायी सोडल्यात, त्या वाळू उकरत राहतात आणि एवढं मीठ त्यांना चालतं.

तर तळ साफ ठेवतो हे जे चिठ्ठीवर लिहितात ना, त्याचा मला फार राग येतो. त्या तीन शब्दांमुळे लोक याला दुसऱ्यांच्या उरल्यासुरल्यावर सोडतात आणि हा वाळूशिवाय, किड्यांशिवाय, भरल्या टाकीत उपाशी पडून राहतो. हा मासा काहीही साफ करत नाही. उलट त्याच्यामागे आपल्यालाच साफ करावं लागतं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा ती म्हणाली, "काय गो, ह्यो तर लेपो. ह्येका कोण पाळता?" आणि मग लेपाचं कातडं नखाने एका टोकाला सोडवून झटक्यात कसं ओढून काढायची, ते हाताने करून दाखवायला लागली. आता मात्र दर कॉलला विचारते, जेवलो काय तो. मी ड्रॉपर कॅमेऱ्यासमोर धरते आणि किडे सोडते, ती तिकडे चष्मा लावून वाळूत डोळे शोधत बसते, बऱ्याचदा माझ्याआधी तिलाच दिसतात.

आज तो नऊ सेंटिमीटर आहे. पंधरापर्यंत सहज जाईल, म्हणून 40 गॅलनची बसकी, रुंद टाकी घेतलीय, याला उंची नको, तळ हवा. वाळूच्या दोन गोण्या गॅरेजमध्ये पडल्यात, शनिवारी धुवायला घेणार.