जॉर्जियातली बिॲट्रिस

शुक्रवार, रात्री पावणेबारा

ओटा पुसून झाला आणि दिग्दर्शक केनी लिऑननं बसवलेल्या शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग' या सुखात्मिकेचं चित्रीकरण तिसऱ्यांदा लावलं. २०१९ चा उन्हाळा, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं डेलाकोर्ट हे उघडं नाट्यगृह. नट सगळे कृष्णवर्णीय. मूळ नाटकातलं इटलीतलं मेसिना नाही, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं सुखवस्तू घर, त्यावर तिथल्या कृष्णवर्णीय नेत्या स्टेसी अब्राम्स यांच्या नावाचा, 'स्टेसी अब्राम्स २०२०' असा फलक. लढाईवरून परतणारे पुरुषही निषेधाचे फलक घेऊनच येतात.

आधीच्या दोन्ही वेळी हे फलकच वाचत बसले होते. आज डोळे मिटून नुसतं ऐकलं. डॅनिएल ब्रूक्सची बिॲट्रिस, म्हणजे नाटकाची तिखट जिभेची नायिका, सुरुवातीलाच गायक मार्व्हिन गेचं 'व्हॉट्स गोइंग ऑन' गाते, आणि मग शेक्सपिअरची वाक्यंही त्याच गळ्यातून येतात. शब्द चारशे वर्षांपूर्वीचे, ठसका मात्र शेजारच्या घरातल्या थोरल्या बहिणीचा. देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला तेव्हा भाषाच बदलली; रूपांतर म्हटलं की आपल्याला तेच सुचतं. लिऑननं भाषा ठेवली आणि घर हलवलं.

तरी कृष्णवर्णीय अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन पिच्छा सोडत नाहीत. १९९६ मध्ये प्रिन्स्टनच्या भाषणात ते कडाडले होते: 'डेथ ऑफ अ सेल्समन' हे आर्थर मिलरचं गोऱ्या कुटुंबाचं नाटक सगळे कृष्णवर्णीय नट घेऊन करणं म्हणजे स्वतःचं माणूसपण नाकारणं. आणि लिऑन तर त्यांच्याच मांडवातला! विल्सनची 'जेम ऑफ द ओशन', 'रेडिओ गोल्फ' ही नाटकं ब्रॉडवेवर त्यानंच बसवली. मग हा गुरुद्रोह? मला नाही वाटत. विल्सनना चीड होती ती नटाचा रंग दिसतच नाही असं भासवणाऱ्या पात्रनिवडीची. इथे तसं कुणी भासवत नाही. पण त्याच भाषणातली दुसरी तक्रार होती पैशाची: ६६ मोठ्या नाट्यसंस्थांत कृष्णवर्णीयांची फक्त एक. तिला हा प्रयोग उत्तर देत नाही. विल्सन सोयीपुरते ऐकून चालत नाही.

संहिता काढून शेवटचं पान पाहिलं. खलनायक डॉन जॉन पकडला गेल्याची बातमी येते, बिॲट्रिसचा प्रियकर बेनेडिक म्हणतो त्याचं उद्या बघू, आणि वाजवणाऱ्यांना सांगतो, वाजवा रे. लिऑनकडेही नाच सुरू होतो. ऐन रंगात येतो, तोच भोंगा वाजतो आणि पुरुष पुन्हा निघतात.