अलास्काला जायचंय? आधी हिमनदी ठरवा, मग जहाज

धाकट्याला जहाजावर गो-कार्ट हवी होती. मोठीला वाय-फाय. हिला आठ दिवस स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नव्हतं. पुण्याच्या ताईला मोठी बाल्कनी हवी होती, आणि आईचं एकच म्हणणं होतं, "बर्फ जवळनं बघायचाय. बाकी तुमचं तुम्ही बघा." सहा माणसांची अलास्का क्रूझ ठरवायला आम्हाला सात महिने लागले, ते या पाच मागण्यांमुळे. शेवटी आईचीच मागणी सगळ्यात शहाणपणाची निघाली. तिच्याभोवती बाकीचं बसवत गेलो तेव्हा कुठे काम सोपं झालं.

सुरुवात चुकीचीच झाली. एका एजंटाने जहाजाचं पत्रक समोर ठेवलं. पाण्याच्या घसरगुंड्या, नाटकघर, अठरा प्रकारची हॉटेलं. हिमनदीबद्दल मात्र एकच ओळ, 'ग्लेशियर दर्शन'. कुठली हिमनदी आणि तिच्यासमोर किती वेळ थांबणार, असं विचारलं तर म्हणाला, "सगळ्या सारख्याच असतात साहेब." माझा अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. 'सगळे सारखेच' म्हणणाऱ्याचा माल मी दोनदा तपासून घेतो. पत्रक मिटलं आणि घरी येऊन नकाशा उघडला.

हिमनद्या सारख्या नसतात, आणि कंपनी निवडायचा पहिला निकष हाच धरावा. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या जहाजांना आत सोडतात. हे परवाने मुख्यतः हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या दोन कंपन्यांकडे आहेत. नॉर्वेजियनच्या काही फेऱ्याही जातात. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि डिस्ने यांची जहाजं सहसा हबर्ड हिमनदी किंवा एन्डिकॉट आर्म या अरुंद खाडीकडे नेतात. ती ठिकाणंही काही कमी नाहीत. हबर्डची पाण्यालगतची भिंत तर दहा किलोमीटरपेक्षाही रुंद आहे. पण तरंगता बर्फ फार असला की जहाज लांबूनच वळतं, आणि एन्डिकॉटला पार टोकाशी जायचं तर बऱ्याचदा छोट्या बोटीचे वेगळे पैसे मोजावे लागतात. ग्लेशियर बेमध्ये जवळजवळ अख्खा दिवस जातो. म्हणून प्रवासक्रमात 'ग्लेशियर बे' हे नाव स्वच्छ लिहिलेलं आहे का, एवढं आधी बघा.

दुसरी गोष्ट, निघायचं कुठून. अमेरिकेतल्या सिएटलचं विमान पुष्कळांना सोयीचं पडतं, पण तिथून सुटणारी जहाजं बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या प्रशांत महासागरातून जातात. म्हणजे डुलणं जास्त. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघालं तर बेटांच्या आडोशाने, इनसाइड पॅसेजमधून, दोन्ही बाजूंना डोंगर बघत जाता येतं. मधे काही तास उघडा समुद्र लागतो, तेवढाच. पंढरपूरच्या एसटीतही आईला मळमळतं, तेव्हा आमच्यासाठी हा प्रश्न तिथेच मिटला. तरी आलेपाकाच्या वड्या घेतल्या होत्या. त्या ताईलाच लागल्या.

व्हिसाचं मात्र कुठूनही सुटत नाही. अमेरिका आणि कॅनडा, दोन्हींचे लागतात. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीचं जहाज अमेरिकेतल्या बंदरातून सुटून तिथेच परतणार असेल, तर त्याला मधे एखाद्या परक्या देशाच्या बंदराला लागावंच लागतं. म्हणून सिएटलची जहाजंसुद्धा संध्याकाळचे चार तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी कित्येक महिने जातात, म्हणून आधी व्हिसा आणि मग जहाजाचे पूर्ण पैसे, हा क्रम सोडू नका. कॅनडाचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही बघून घ्या. व्हँकुव्हरहून अलास्कात शिरून परत कॅनडातच यायचं असतं.

आता मुलांचा प्रश्न. बंपर कार, वर उचलून नेणारा काचेचा पाळणा हे सगळं रॉयल कॅरिबियनच्या काही मोठ्या जहाजांवर असतं. गो-कार्ट नॉर्वेजियनच्या काही जहाजांवर आहे. लहान मुलांचं सगळ्यात जास्त कौतुक डिस्नेवर होतं, आणि त्याचे पैसेही तसेच लागतात. मुलं दहाच्या आतली आणि सोबत म्हातारं माणूस नाही, असं असेल तर मी या जहाजांना नावं ठेवणार नाही. पण चार-चार हजार माणसांच्या जहाजावर आईला लिफ्टसाठी ताटकळत ठेवणं मला नको होतं. आम्ही हॉलंड अमेरिकाचं दोन-अडीच हजार माणसांचं जहाज घेतलं. प्रवासी वयस्कर जास्त, रात्री दहानंतर सामसूम, व्हायोलिन आणि पियानो. धाकटा दोन दिवस फुरंगटून होता. तिसऱ्या दिवशी त्याला जहाजाच्या बाजूने देवमाशाचं शेपूट दिसलं, आणि गो-कार्टचा विषय सोलापूरला येईपर्यंत निघाला नाही.

केबिनच्या बाबतीत माझं मत पक्कं झालंय. सहा माणसांत एक बाल्कनी बास. आम्ही एक बाल्कनीची आणि समोरासमोर दोन बिनखिडकीच्या केबिन घेतल्या. दिवसा सगळे ताईच्या बाल्कनीत, रात्री अंधाऱ्या केबिनमध्ये गाढ झोप. मे महिन्याच्या शेवटी तिथे रात्री पावणेदहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पहाटे चारला पुन्हा हजर, त्यामुळे बिनखिडकीची केबिन हीच चैन वाटते. आईने पहिल्या दिवशी नऊ वाजता घड्याळ बघून विचारलं, "आरं, दिवेलागण कधी व्हायची हितं?" उदबत्ती आणि वात जहाजावर चालत नाही, म्हणून मोठीने बॅटरीचा दिवा आणला होता. तो लख्ख उजेडातच लावायचो. केबिन घेताना मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे डुलणं कमी जाणवतं. डावी की उजवी बाजू यासाठी जादा पैसे देऊ नका. हिमनदीसमोर जहाज जागेवरच फिरतं, सगळ्यांना दर्शन मिळतं.

जाताना सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, तिथून दिल्लीमार्गे व्हँकुव्हर. सोलापुरात पारा त्रेचाळीसच्या घरात होता, तिकडे बारा. जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधी पोचलो, आणि तुम्हीही निदान एक दिवस तरी आधी पोचा. आमची एक बॅग दुसऱ्या दिवशी आली. विमानतळावरून कॅनडा लाइनची मेट्रो पंचवीसेक मिनिटांत वॉटरफ्रंटला सोडते, आणि कॅनडा प्लेसचा धक्का तिथून चालत पाच मिनिटांवर आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन या धक्क्यावरच उरकतात. एका दिवशी दोन-तीन जहाजं असली की रांग खूप लांबते. आईसाठी व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती, तिच्या पुण्याईने आम्ही सगळेच लवकर सुटलो.

सामानाच्या तपासणीत आमची इलेक्ट्रिक किटली जप्त झाली. इस्त्री, किटली, काही प्रकारचे मल्टिप्लग वर नेता येत नाहीत, परतताना मिळतात. आईचा पहाटेचा चहा गेला म्हणून दोन तास सुतक होतं. मग कळलं की वरच्या मजल्यावर उकळतं पाणी पहाटेपासून मिळतं. आमची चहा पावडर आणि दूध पावडर तिथेच कामाला आली.

जेवणाचं आधीच लेखी कळवा, बुकिंग करतानाच. 'व्हेज' एवढंच म्हणालात तर पास्ता आणि उकडलेली ब्रोकोली येईल. 'इंडियन व्हेज' किंवा 'जैन' असं स्पष्ट सांगितलं की हेड वेटर रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं विचारून जातो. डाळ, भात, एक भाजी, रोटी मिळत होती. तिखट मात्र आपलंच. शेंगाची चटणी दोन डबे नेली होती. कडक भाकरीही नेली, पण तिचा प्रवासात चुरा झाला. चटणीत घालून खाल्ला, तो भाग वेगळा. बंद पाकिटातलं कोरडं सामान न्या आणि विमानतळावर फॉर्मवर ते लिहा, लपवू नका. जहाजावरची फळं बंदरात खाली नेऊ नका, त्याला दंड आहे.

ज्युनो ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून येणारा एकही रस्ता नाही. माणसं विमानाने नाहीतर बोटीने येतात. इथे पैसे खर्च करायचे तर देवमासे बघायच्या बोटीवर करा. माणशी दीडशे डॉलरच्या पुढे जातात. छोटी बोट घ्या, पण आत बसायची गरम जागा आणि शौचालय आहे ना विचारा. अस्वलांची आशा मे महिन्यात फार धरू नका. सॅमन मासे उन्हाळा सरता सरता नद्यांत चढतात, आणि अस्वलं त्यांच्या मागे. मेंडेनहॉल हिमनदी धबधब्यापर्यंत चालत जाऊन बघता येते. आई माहिती केंद्राच्या काचेतूनच बघत बसली आणि तिला ते पुरलं.

स्कॅगवे या बंदरात व्हाइट पास घाटाची रेल्वे. १८९८ मध्ये सोन्याच्या मागे धावणाऱ्यांसाठी काम सुरू झालं आणि १९०० मध्ये पुरं झालं. तीन फुटी नॅरो गेज, बत्तीस किलोमीटरच्या आसपास अंतरात साडेआठशे मीटरांच्या वर चढते. माझे आजोबा कुर्डुवाडीहून बार्शीला ज्या गाडीने जायचे ती बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, अडीच फुटी. एकाच काळातली दोन भावंडं. तिची सावत्र बहीण अजून धावतीय, तीही माणशी शंभराच्या वर डॉलर घेऊन, हे बघून मला थोडा मत्सर वाटला. आपली असती तर? असो. जाताना डावीकडे बसा. शिखरावर पोचल्यावर बाजू बदलायला सांगतात, त्यामुळे भांडू नका. वर मे अखेरीलाही बर्फ होता.

चौथ्या-पाचव्या दिवशीची सगळी ताकद ग्लेशियर बेसाठी राखून ठेवा, आदल्या रात्रीचं नाटक-गाणं सोडा. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येतात आणि चालत्या जहाजाला लावलेल्या दोराच्या शिडीने वर चढतात. दिवसभर तेच माहिती सांगतात. १७९४ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा आत शिरायला खाडीच नव्हती, तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. तिथून बर्फ शंभर किलोमीटरच्या वर मागे सरकलाय. म्हणजे आम्ही तासन् तास जिथून जात होतो ती सगळी बर्फाची जागा. हे रेंजरबाई सांगत होत्या तेव्हा डेकवर कोणी बोलत नव्हतं.

जहाजाचं नाकाडाकडचं उघडं डेक त्या दिवशी खुलं करतात. बाल्कनी सोडा आणि तिथे जा. मार्जरी हिमनदी समोर दीडेक किलोमीटर रुंद आणि पाण्यावर पंचाहत्तर मीटर उंच, निळी. बर्फ घट्ट दाबला गेला की तो लाल रंग गिळतो आणि निळा सोडतो, म्हणून. आधी कडा तुटताना दिसतो, आवाज मागाहून येतो. तिथले मूळ रहिवासी लिंगिट लोक त्याला 'पांढरी मेघगर्जना' म्हणतात. आई अंगाभोवती सोलापुरी चादर गुंडाळून तासभर उभी होती. खुर्ची आणली तरी बसली नाही. तेवढ्यात वेटर डच पद्धतीचं वाटाण्याचं गरम सूप वाटत आला. आईने हात पुढे केला, मी अडवला. त्यात सहसा डुकराचं मांस असतं. शाकाहारी माणसांनी विचारूनच घ्यावं.

केचिकान या बंदरात पाऊस. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, आपले चार-पाच पावसाळे एकदम. छत्री वाऱ्याने उलटते, टोपीचं रेनकोट न्या. मूळ रहिवाशांनी कोरलेले लाकडी टोटेमचे खांब बघून परत आलो.

पैशाचं थोडं. टीप रोज माणशी साधारण सोळा ते वीस डॉलर आपोआप बिलात चढते, सहा माणसांचा आकडा आधीच धरा. मोबाइल सुटल्यापासून एअरप्लेन मोडवर. जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि मोठं बिल येतं, ताईला विचारा. आरोग्य विम्यात हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च आहे का वाचा. मधुमेहाची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा.

एक धंद्याची गोष्ट राहिली. केबिन साफ करणारा इंडोनेशियाचा मुलगा रोज रात्री टॉवेलचा हत्ती, माकड, बदक करून ठेवायचा. मी सवयीने अंगठ्याने पोत बघितला, वजन चांगलं होतं. त्याला म्हणालो, आम्ही हेच बनवतो. त्याने मला हत्ती करायला शिकवला. माझी सोंड काही उभी राहत नाही.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी धक्क्यावर मिळतात. हिने सगळं नीट भरून बॅगा बाहेर ठेवल्या. सकाळी कळलं की धाकट्याची पँट, शर्ट, बूट सगळंच त्यात गेलंय. तो व्हँकुव्हरला नाइट ड्रेस आणि जहाजाच्या चपलांवर उतरला, वरून आजीची चादर.