डेलीतलं गरम सँडविच घरी: आतलं वाफेवर, बाहेरचं तव्यावर

ब्रेडमध्ये काहीतरी भरायचं आणि तव्यावर दाबून भाजायचं, एवढ्यावर माझं समाधान होत नव्हतं. मला डेलीत, म्हणजे मांसाचे काप, चीज आणि सँडविच विकणाऱ्या अमेरिकी धाटणीच्या दुकानात, मिळतं तसं सँडविच घरी करायचं होतं. मांसाचे पातळ काप एकावर एक रचलेले आणि आतपर्यंत गरम, चीज त्यांच्यात उतरलेलं, आंबवलेल्या कोबीचा आंबटपणा मधूनच लागणारा, आणि एवढं सगळं पोटात घेऊनही ब्रेड शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत. एक सँडविच खाल्लं की जेवण झालं, असं.

यातली मुख्य अडचण उष्णतेची आहे. ब्रेडच्या जाळीत हवा कोंडलेली असते, त्यामुळे तो उष्णता सहजासहजी आत जाऊ देत नाही. जाड भरलेलं सँडविच तव्यावर ठेवलं की बाहेरची बाजू करपायला येते तेव्हा आतलं चीज कुठे नुकतं मऊ व्हायला लागलेलं असतं. आच कमी करून बराच वेळ ठेवलं तर आतलं गरम होतं, पण तोवर ब्रेड पार वाळून कडक होतो. याचं उत्तर डेलीच्या कामाच्या रीतीतच आहे. तिथे मांस वाफेवर गरम ठेवलेलं असतं. मागणी आली की ते कापून थेट ब्रेडवर येतं. आतलं गरम करायची जबाबदारी ब्रेडवर नसतेच. म्हणून मीही कामं वेगळी केली: आतलं वाफेवर, बाहेरचं तव्यावर. बाकीची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती बसवली.

करायला घेतलं ते रूबेन. मूळ रूबेनमध्ये कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस), स्विस चीज, सॉअरक्राउट (आंबवलेली कोबी) आणि रशियन ड्रेसिंग (मेयोनीज-केचपचं सॉस) असतं आणि ब्रेड राय पिठाचा. ते पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या ब्लॅकस्टोन हॉटेलात झालं की न्यूयॉर्कमध्ये, यावर दोन्हीकडचे लोक अजून अडून बसलेले आहेत. कॉर्न्ड बीफच्या जागी पास्ट्रामी घालण्याची पद्धतही रूढ आहे. पास्ट्रामी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोमेनियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत पोचली. तिच्यासाठी बहुतेक वेळा ब्रिस्केट (छातीचं गोमांस) किंवा त्याच्या लगतचा चरबीदार भाग घेतात. तो खारवायचा, मिरी-धण्याचा जाड थर लावून धुरावर ठेवायचा आणि मग वाफवायचा. या मांसात कोलॅजन, म्हणजे ते चिवट करणारं प्रथिन, भरपूर असतं. त्याचं जिलेटिन होऊन मांस मऊ पडायला आतलं तापमान 90 अंश सेल्सिअसच्या पुढे न्यावं लागतं, आणि त्यात तासन्‌तास जातात. मी चिकनचे ब्रेस्ट घेतले. त्यात कोलॅजन फारच कमी, त्यामुळे एवढा वेळ शिजवावं लागत नाही. चव मुळात खारवण्यातून आणि मसाल्यातून येते, आणि ते दोन्ही चिकनलाही करता येतं.

खारवण्याचं प्रमाण वजनावर धरलं की मन निश्चिंत राहतं. 1 किलो चिकन आणि 1 लिटर पाणी, म्हणजे एकूण 2 किलो. त्याच्या 2 टक्के, म्हणजे 40 ग्रॅम मीठ. सोबत 20 ग्रॅम ब्राउन शुगर, ठेचलेल्या लसणाच्या चारपाच पाकळ्या, तमालपत्र, थोडे धणे आणि मिरी. थोड्या पाण्यात मीठ-साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, उरलेलं पाणी गार घालायचं, आणि पूर्ण थंड झाल्यावरच चिकन बुडवून फ्रीजमध्ये 24 तास ठेवायचं. या हिशेबाचा फायदा असा की पाण्यातलं आणि मांसातलं मीठ शेवटी एका पातळीवर येऊन थांबतं. चार तास इकडेतिकडे झाले तरी मांस खारट होत नाही. डेलीतल्या पास्ट्रामीचा गुलाबी रंग मात्र सोडियम नायट्राइट असलेल्या क्युअरिंग सॉल्टमुळे येतो. ते अगदी मोजूनमापून वापरायचं असतं आणि चिकनसाठी त्याची गरजही नाही, म्हणून मी ते घालत नाही. काप पांढुरके दिसतात, चवीत काही अडत नाही.

मसाल्यासाठी मिरी आणि धणे समसमान, दोन-दोन मोठे चमचे, कोरडेच किंचित गरम करून खलात भरड कुटते. पूड नको. धण्याचं अर्धं दाणं दाताखाली यायला हवं, कापाच्या कडेला तेच मजा आणतं. यात एक मोठा चमचा स्मोक्ड पॅप्रिका (धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड) घातली की धुराची उणीव बरीचशी भरून निघते. थोडी मोहरी आणि लसणाची पूडही घालते. चिकन पाण्यातून काढून कागदी टॉवेलनं अगदी कोरडं करायचं, मोहरीचं पिवळं सॉस बोटानं चोपडायचं आणि त्यावर मसाला दाबून बसवायचा. ओव्हन 120 अंशांवर. साधारण तासाभरात होतं, पण मी घड्याळावर विसंबत नाही. थर्मामीटरची सुई सगळ्यात जाड भागात खुपसून 74 अंश दिसले की बाहेर. त्याच्या खाली थांबायचं नाही आणि फार पुढेही जायचं नाही, कारण 80 च्या पुढे ब्रेस्ट चोथट लागायला लागतं. गार झालं की झाकून फ्रीजमध्ये. थंड मांस घट्ट होतं आणि पातळ कापलं जातं, गरम कापायला गेलं तर तुकडे पडतात.

कापण्यावर मी वेळ घालवते, कारण सँडविच चावायला सोपं होणार की ओढत खावं लागणार ते इथे ठरतं. मांसाचे धागे कोणत्या दिशेनं गेलेत ते आधी पाहायचं आणि सुरी त्यांना आडवी चालवायची. लांब पात्याची, चांगली धार लावलेली सुरी हवी. दाब न देता एका लांब ओढीत काप निघाला पाहिजे. दोन मिलिमीटरपर्यंतचे काप मला बरे वाटतात. जाड दोन काप घालण्यापेक्षा पातळ दहा काप सैलसर घड्या घालून रचले की त्यांच्यामध्ये वाफ शिरते आणि घासही भरीव लागतो.

सॉअरक्राउट विकत मिळतं, पण घरचं केल्यावर मला दुसरं आवडेना. कोबी बारीक चिरायची, तिच्या वजनाच्या 2 टक्के मीठ घालायचं, म्हणजे किलोला 20 ग्रॅम, आणि हातानं चुरायला घ्यायचं. पहिली काही मिनिटं कोबी हाताखाली करकरते आणि काहीच होत नाहीसं वाटतं. मग ती हळूहळू मऊ पडते, कडा पारदर्शक दिसू लागतात, आणि मूठ आवळली की बोटांच्या फटींतून पाणी गळतं. हे तिचंच पाणी, वरून घालायचं नाही. बरणीत गच्च दाबून भरायची, कोबी त्या पाण्याखाली राहील असं वर वजन ठेवायचं, आणि झाकण इतकंच लावायचं की आतला वायू निघून जाईल. कोबीवरचेच लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू पुढचं काम करतात. त्यांना हवा नको असते, म्हणूनच पाण्याखाली ठेवण्याचा एवढा आग्रह. काही दिवसांत बुडबुडे येतात, पाणी गढूळ होतं. 18 ते 22 अंशांत दोन ते चार आठवडे लागतात, गरम हवेत लवकर होतं, पण कोबी थोडी मऊ पडते. मी अधूनमधून चाखते आणि आंबटपणा जमला की बरणी फ्रीजमध्ये टाकते. वर पांढरा पातळ तवंग आला तर तो काढून टाकायचा. रंगीत, केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळी बरणी फेकायची, तिथे मन घट्ट करावं.

ड्रेसिंग पाच मिनिटांचं काम: अर्धी वाटी मेयोनीज, दोन चमचे केचप, किसलेला कांदा, हॉर्सरॅडिश (मोहरीसारखं झणझणीत मूळ) आणि वूस्टरशर सॉसचे थेंब. हॉर्सरॅडिशला हात आखडता घेऊ नये. चीज आणि मेयोनीजच्या स्निग्धपणातून वर येणारी झणझणीत चव त्याचीच.

ब्रेड राय पिठाचा असला तर उत्तम, नसला तर घट्ट वीण असलेला कुठलाही आंबवलेला ब्रेड चालतो. स्लाइस बोटभर जाडीची हवी. पातळ, स्पंजासारखा ब्रेड या भाराखाली टिकत नाही. बाहेरच्या बाजूला मी लोण्याऐवजी मेयोनीजचा पातळ हात फिरवते. लोण्यात पाणी असतं आणि दुधाचे घन कण लवकर जळतात. मेयोनीज सगळीकडे सारखं पसरतं आणि रंगही एकसारखा येतो. आतली बाजूही तव्यावर अर्धा मिनिट शेकून घेते, म्हणजे ड्रेसिंग आत मुरत नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. कोबी मुठीत आवळून पिळायची आणि कोरड्या पॅनमध्ये गरम करायची, सुटतं तेवढं पाणी उडून जाऊ द्यायचं. ब्रेड ओला पडण्याचं सगळ्यात मोठं कारण ही थंड, ओली कोबी असते. एका सँडविचला साधारण 150 ग्रॅम मांस लागतं. ते काप सैलसर ढिगात चाळणीवर ठेवून, खाली पाणी उकळत असताना झाकण लावून दोन-तीन मिनिटं वाफवायचे. मग त्या ढिगावर कोबी, कोबीवर चीजच्या दोन चकत्या आणि पुन्हा झाकण. अर्ध्या-एक मिनिटात चीजचे कोपरे खाली झुकतात, चकती ढिगाच्या उंचसखलपणाप्रमाणे बसते आणि तिच्यावर चमक येते. हीच वेळ. एमेंटल किंवा ग्रुयेर सुरेख वितळतं. फार मुरलेलं, कोरडं चीज टाळावं, ते वितळताना तेल सोडतं.

याच वेळी बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर दोन्ही स्लाइस मेयोनीजची बाजू खाली करून ठेवलेल्या असतात, वरच्या बाजूंना ड्रेसिंग लावलेलं. उलथन्यानं तो वाफवलेला ढीग उचलून एका स्लाइसवर ठेवायचा, दुसरी वर पालथी घालायची आणि तळहातानं हलकेच दाबायचं. जड वजन ठेवू नये, इतक्या निगुतीनं रचलेले काप चेपून रस बाहेर येतो. एवढ्यात दोन्ही बाजू खरपूस झालेल्या असतात, आतलं आधीच गरम असतं, तव्यावर थांबायचं कारणच उरत नाही. एक मिनिट जाळीवर ठेवायचं, कारण ताटात ठेवलं तर खालून घाम येतो. मग तिरकं कापायचं आणि सोबत मिठाच्या पाण्यातली काकडी.

मांस न खाणाऱ्यांसाठी मी मोठे मशरूम जाड कापून करते. आधी मोठ्या आचेवर त्यांचं पाणी पूर्ण आटू द्यायचं, मग तोच मिरी-धण्याचा मसाला लावून परतायचं. पाणी आटलं नाही तर बाकी सगळी मेहनत वाया. मांस खाणाऱ्यांसाठी पॅटी मेल्ट, म्हणजे खिम्याची टिक्की, चीज आणि परतलेला कांदा घातलेलं सँडविचही याच रीतीनं होतं, फक्त कांदा मंद आचेवर 40-45 मिनिटं तांबूस गोड होईपर्यंत परतावा लागतो. दहा मिनिटांत कांदा तसा होतो असं कुणी लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नये.

चिकन एकदम किलोभर करून ठेवणं सोयीचं. न कापलेला तुकडा फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो, फ्रीझरमध्ये कापून, थरांमध्ये कागद घालून ठेवता येतो, आणि फ्रीझरमधले काप आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवून ठेवले की दुसऱ्या दिवशी थेट वाफेवर जातात. रचलेलं सँडविच मात्र साठवू नये.